वजनदार माणसाने चालण्याचे बूट घेताना

व्यापाऱ्याचे आयुष्य गादीवर जाते. सकाळी दहाला दुकान उघडले की रात्री नऊपर्यंत सगळे काम बसूनच. मधे चहा, मधे समोसा, बाहेरगावचे गिऱ्हाईक आले तर त्याच्याबरोबर जेवण. कापडाच्या धंद्यात तीस वर्षे काढल्यावर माझे वजन १०८ किलोवर गेले आणि रक्तात साखरही निघाली. डॉक्टर म्हणाले, "शेठ, गोळ्या मी लिहून देतो, पण रोज चार किलोमीटर चालणे तुमचे तुम्हालाच करावे लागेल." मी कबूल केले. पायात काय घालून चालायचे ते त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

त्याच संध्याकाळी एका मोठ्या दुकानात गेलो. तिथल्या पोराने माझ्याकडे एकदा पाहिले आणि दुकानातला सर्वांत मऊ बूट काढून दिला. म्हणाला, "चाचा, हा घाला, ढगावर चालल्यासारखे वाटेल." खरोखरच तसे वाटले. गाद्या-गिरद्यांवर बसणारा माणूस मी, मऊ वस्तू बघून खूश झालो. दीड महिन्यात डाव्या टाचेत अशी कळ सुरू झाली की फजरला पलंगावरून पाय खाली टेकवणे मुश्कील. चार पावले टाकली की जरा कमी व्हायची, दुपारी बैठकीतून उठलो की पुन्हा तीच तकलीफ. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितले की तळव्याखाली टाचेपासून बोटांपर्यंत जो जाड पट्टा असतो त्याला सूज आली आहे, आणि वजनदार माणसांत हा आजार जास्त दिसतो. मग त्यांनी माझा बूट मागून घेतला, टेबलावर ठेवला आणि टाचेच्या बाजूने मला बघायला लावले. बूट आतल्या अंगाला असा कलंडलेला होता, जसा पाया खचलेला पॉवरलूमचा शेड. वरून मात्र नवा कोरा.

माझे तेवढ्यावर निभावले. माझे भाईजान, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठे, त्यांचे निभावले नाही. त्यांना साखर जुनी, वजन माझ्याइतकेच, आणि पायाची जाणीव हळूहळू गेलेली. त्यांनीही डॉक्टरांचे ऐकून चालणे सुरू केले होते. बूट चवड्याला अरुंद होता, करंगळीला घासत होता, पण जाणीवच नसल्याने त्यांना ते कळले नाही. मोजा काढताना भाभींना रक्ताचा डाग दिसला तेव्हा जखम आठवड्याची झाली होती. पुढे दोन महिने ड्रेसिंग झाले आणि शेवटी करंगळी काढावी लागली. तेव्हापासून बूट या वस्तूकडे मी कापडाच्या ठाणाकडे पाहतो तसे उलटून-पालटून पाहू लागलो. दुकाने पाहिली, कारागिरांना विचारले, जाणकार डॉक्टरांकडून समजून घेतले. आपल्यात माझ्यासारखे गादीवाले, शिलाई मशीनवर बसणारे आणि दिवसभर भट्टीपुढे उभे राहणारे पुष्कळ आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण निघाले. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर घेतला तर संपादक साहेब नाराज होणार नाहीत अशी उमेद आहे.

बुटाच्या पोटात काय असते

चालताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून जो दाब येतो तो आपल्या वजनापेक्षा थोडा जास्त, साधारण सव्वापटीच्या आतबाहेर असतो. धावताना तो अडीचपटीपर्यंत जातो. १०८ किलोचा माणूस चालतो तेव्हा एका पायावर १२५ ते १३० किलोचा दाब येतो, आणि चार किलोमीटरमध्ये एकेका पायाला असे अडीच हजार दाब. बूट ६५ किलोच्या माणसाचा हिशेब धरून बनवला असेल तर या दाबाखाली त्याचे काय होत असेल याचा अंदाज कोणालाही येईल.

स्पोर्ट बुटाच्या तळाला तीन थर असतात. जमिनीला लागते ते रबर. त्याच्यावर जाड फोम, ज्याला धंद्यात मिडसोल म्हणतात. आणि सर्वांत वर, पायाला लागणारा सुखतळा. बुटाची सगळी करामत मधल्या फोममध्ये असते, आणि गिऱ्हाईक नेमके तेच बघत नाही. हा फोम बहुतेक वेळा ईव्हीए नावाच्या मालाचा असतो. त्यात लाखो बारीक बुडबुडे असतात. दाब आला की ते चेपतात, दाब गेला की फुगतात. पण दर वेळी पूर्ण फुगत नाहीत, आणि माणूस जितका जड तितके लवकर ते कायमचे बसतात. कापूस दबून गेलेली गादी असते ना, तसेच. मऊ फोममध्ये बुडबुडे जास्त आणि माल कमी, म्हणून तो आधी बसतो. दुसरा फोम पॉलियुरेथेनचा, ज्याला पीयू म्हणतात. तो जड असतो, थोडा कडक लागतो, पण दाबाला जास्त दिवस टिकतो. त्याचा ऐब असा की दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिला की आतल्या आत कुजतो. मग एक दिवस बाहेर काढलेला बूट दोन पावलांत भाजलेल्या मातीसारखा भुगा होतो. कोकणात आणि मुंबईत कपाटात जपून ठेवलेल्या बुटांची ही हालत पुष्कळांनी पाहिली असेल.

यासाठीच खोक्यावरची तारीख वाचावी. आपल्याकडे बंद पॅकच्या मालावर किंमत, साइज यांच्याबरोबर बनवल्याचा महिना आणि वर्ष छापावे लागते. सेलमध्ये निम्म्या किमतीत मिळणारा बूट तीन वर्षांपूर्वीचा असेल तर तो स्वस्त नाही, जुना आहे. आपण कापडवाले डेड स्टॉक कसा काढतो ते आपल्याला चांगले ठाऊक आहे. बूटवालेही तसाच काढतात.

मऊ म्हणजे चांगला, हा गैरसमज माझा होता तसा बहुतेकांचा असतो. लक्झेंबर्गमध्ये ८४८ हौशी धावपटूंवर एक प्रयोग झाला, त्याचा निकाल २०२० साली छापून आला. कडक तळाच्या बुटांनी दुखापती जास्त झाल्या हे खरे, पण मऊ बुटाचा फायदा हलक्या वजनाच्या लोकांना मिळाला, वजनदारांना तसा मिळाला नाही. हा प्रयोग धावणाऱ्यांवर होता, चालणाऱ्यांवर नाही, एवढे ध्यानात ठेवावे. चालणाऱ्यांसाठी जास्त कामाचा प्रयोग ऑस्ट्रेलियातला आहे. मेलबर्न विद्यापीठाच्या लोकांनी गुडघ्याची झीज असलेल्या १६४ जणांना सहा महिने दोन प्रकारचे बूट घालायला दिले. एक सपाट, पातळ, हवा तसा वाकणारा, आणि दुसरा भक्कम, आधार देणारा. २०२१ साली आलेल्या निकालात भक्कम बूटवाल्यांपैकी ५८ टक्के लोकांचे चालतानाचे दुखणे लक्षात येण्याइतके कमी झाले, सपाट बूटवाल्यांत ४० टक्क्यांचे. अनवाणी चालल्यासारखा पातळ बूट घाला अशी एक फॅशन मध्यंतरी आली आहे. तरुण, सडपातळ पोरांनी ती खुशाल करावी.

दुकानात उभ्याउभ्या करायची तपासणी

बूट हातात घ्यावा. एका हाताने टाच, दुसऱ्या हाताने पुढचे टोक धरून टोक वरच्या बाजूला दाबावे. तो बोटांच्या मुळाशी, म्हणजे आपला पाय जिथे वाकतो तिथे वाकला पाहिजे. मधूनच पुस्तकासारखा मिटला तर ठेवून द्यावा. मग ओले कापड पिळतो तसा पिळून बघावा. थोडा पिळला जावा, पण फडक्यासारखा नको. नंतर टाचेला मागून वेढणारा भाग अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबावा. आत कडक वाटी बसवलेली असते, कारागीर तिला काउंटर म्हणतात. ती दाबाने आत गेली तर वजनदार माणसाची टाच तो बूट सरळ धरू शकणार नाही. शेवटी बूट सपाट काउंटरवर ठेवून मागून बघावा, सरळ उभा आहे की नाही. नवीन बूटही कधीकधी वाकडा चिकटवलेला असतो. हे सगळे करायला दोन मिनिटे लागतात. दुकानदार तोंड वाकडे करतो. करू द्यावे.

मिडसोलच्या बाजूला अंगठा दाबून पाहावा. सहज आत रुतत असेल तर तो आपल्यासाठी नाही. दाबल्यावर घट्ट, किंचित लवचीक लागला पाहिजे. तळाची रुंदी बघावी. टाचेखाली आणि चवड्याखाली तळ वरच्या बुटापेक्षा थोडा बाहेर आलेला असेल तर पाय डगमगत नाही. हल्ली तीन-चार बोटे उंच फोमचे बूट आले आहेत. अरुंद तळावर तेवढी उंची म्हणजे स्टुलावर उभे राहणे. घोटा मुरगळला तर महिनाभर चालणे बंद.

वरच्या कापडाबद्दल मात्र मी अधिकाराने बोलू शकतो, कारण तो माझा माल आहे. स्पोर्ट बुटाचे अप्पर आज बहुतेक पॉलिस्टरचे असते. जुना प्रकार म्हणजे जाळीचा, वर एक जाळी, खाली एक थर आणि दोघांच्या मधे उभे धागे. त्यामुळे हवा खेळते आणि कापड फारसे ताणत नाही. २०१२ साली नायकेने फ्लायनिट काढले तेव्हापासून स्वेटरसारख्या विणलेल्या अप्परची लाट आली, आणि आज बाजारात त्याच्या नकलांचा पूर आहे. विणलेले कापड चारी बाजूंना ताणते. हलक्या माणसाला ते मोज्यासारखे आरामाचे लागते. जड माणसाचा पाय मात्र वळण घेताना त्यातून बाजूला सरकतो आणि तळाच्या कडेवर चढतो. कारखानदार चांगला असेल तर ताण पडणाऱ्या जागी घट्ट विणतो किंवा आतून पट्टी लावतो, नाहीतर नुसता रंगीत मोजा सोलला चिकटवलेला असतो. दोन्ही अंगठ्यांनी कापड आडवे ताणून बघावे, जसे आपण होजिअरीचा माल बघतो. करंगळीजवळचा भाग खास बघावा, कारण वजनदार माणसाचा बूट वरून फाटतो तो तिथेच. आणि हात आत घालून शिवण चाचपावी. साखर असलेल्याच्या पायाला आतली एक उठलेली शिवण पुरेशी आहे.

रुंदी, जी कोणी विचारत नाही

आता मुद्द्याची गोष्ट. आपण दुकानात सांगतो, नऊ नंबर. नंबर फक्त लांबीचा असतो. एका नंबराचा फरक म्हणजे इंचाचा तिसरा भाग, साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. वजन वाढले की पाय लांबीने थोडा आणि रुंदीने जास्त पसरतो. मग बूट चवड्याला आवळतो, दुकानदार दहा नंबर देतो, त्यात रुंदी जमते पण टाच सुटते. सुटलेली टाच घासते, माणूस नाडी करकचून बांधतो आणि पायावर वळ उठतात. भाईजानांचा बूट याच फेऱ्यातला होता.

यावर तोड म्हणजे रुंदीचे वेगळे माप. अमेरिकन पद्धतीत पुरुषांच्या बुटात डी म्हणजे मध्यम, टू-ई म्हणजे रुंद, फोर-ई म्हणजे त्याहून रुंद. बायकांच्या बुटात बी मध्यम आणि डी रुंद धरतात. म्हणून घरातल्या बायकांना रुंद माप मिळत नसेल तर पुरुषांचा साधा बूट नंबर जुळवून घेण्यात काही हरकत नाही, रंग तेवढा बघावा. आपल्या घरांतल्या बायका सपातेवर चालायला निघतात. मशीनवर, चुलीपुढे राबून गुडघे त्यांचेच आधी जातात, आणि बुटाचा खर्च मात्र त्यांच्यासाठी कोणी काढत नाही.

न्यू बॅलन्स कंपनीने १९६० साली ट्रॅकस्टर नावाचा बूट वेगवेगळ्या रुंदीत काढला, तेव्हापासून रुंद मापासाठी तिचे नाव घेतात. तिचे ९२८ आणि १५४० हे नमुने, ब्रुक्सचा ॲडिक्शन वॉकर, आणि १९९३ पासून चालत आलेला ॲसिक्सचा जेल कायानो, हे भक्कम आधाराच्या वर्गातले बूट. महाग आहेत, आणि आपल्या गावच्या दुकानात रुंद मापात मिळतीलच असे नाही. नावे एवढ्यासाठी दिली की कोणाचा मुलगा किंवा जावई आखातात, अमेरिकेत असेल तर मागवता यावेत. मागवण्याआधी पायाचे माप मात्र कागदावर घ्यावे.

दुकानदार रुंद माप का ठेवत नाही, हे व्यापारी म्हणून मला समजते. एका नमुन्याचे सात नंबर ठेवायचे तर सात जोड. प्रत्येकाच्या तीन रुंदी ठेवल्या तर एकवीस, आणि दोन रंग म्हटले की बेचाळीस. एवढे भांडवल एका नमुन्यात अडकवायला कोण तयार होईल? पण दुसरी बाजूही आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभर एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. भारतीयांचा पाय युरोप-अमेरिकेच्या लोकांपेक्षा सरासरीने रुंद असतो असे त्यात निघाले, आणि त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापांची पद्धत सुचवण्यात आली. म्हणजे रुंद पायाचे गिऱ्हाईक अपवाद नाही, तेच बहुसंख्य आहे. कुर्ल्याजवळच्या ठक्करबाप्पा कॉलनीत, आग्र्यात, अंबूर-वाणियंबाडीत आपले किती कारागीर फर्म्यावर बूट चढवतात! उर्दूत ज्याला कालबूद म्हणतात तोच हा फर्मा. चवड्याला रुंद आणि टाचेला घट्ट असा एक फर्मा करून घेतला तर त्याला गिऱ्हाईक शोधत यावे लागणार नाही. हे मी कापडवाला सांगतो आहे, बूटवाल्यांनी माफ करावे.

माप घ्यायची साधी रीत अशी. संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय सुजतो. उभे राहून, दोन्ही पायांवर वजन टाकून, जाड कागदावर पायाची रेघ काढावी. दोन पाय सारखे नसतात, मोठ्या पायाचे माप धरावे. कागद कात्रीने कापून दुकानात न्यावा आणि बुटाच्या तळावर ठेवावा. कागद तळाच्या बाहेर येत असेल तर तो बूट घालूनही बघू नये. नेहमीचा मोजा घालून उभे राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. वापरल्यावर सैल होईल, हे दुकानदाराचे बोलणे चामड्याच्या बुटाला थोडे लागू आहे, या बुटांना नाही. पहिल्या दिवशी जो चावतो तो पुढेही चावणार. ज्याच्या पायाची जाणीव कमी झाली आहे त्याने तर घालून कसे वाटते यावर भरवसाच ठेवू नये, कागदावर ठेवावा.

तळव्याची कमान कशी आहे याचा अंदाज वुजू करून कोरड्या लादीवर पाय ठेवला की येतो. अख्ख्या तळव्याचा ठसा उमटला तर पाय सपाट, मधे कंबर दिसली तर कमान आहे. सपाट पाय आतल्या अंगाला कलतो, त्याला आतल्या बाजूने कडक फोम लावलेला बूट बरा. पक्का निर्णय मात्र डॉक्टरांचा. जुना बूट त्यांना दाखवायला न्यावा. तळाचे रबर कुठे झिजले आहे त्यावरून त्यांना बरेच कळते.

हिशेब

आता खर्च. मी आठवड्यातून सहा दिवस चार किलोमीटर चालतो, म्हणजे महिन्याला शंभर किलोमीटर. चालण्या-धावण्याचा बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो असे म्हणतात. वजनदार माणसाने खालचा आकडा धरावा, किंवा त्याहूनही कमी. माझा ९०० रुपयांचा एक जोड दोन महिन्यांत बसला, किलोमीटरला साडेचार रुपये पडले. २,४०० चा जोड पाच महिने गेला, चार रुपये ऐंशी पैसे. साडेपाच हजारांचा सहा महिने चालला, नऊ रुपये सतरा पैसे. नुसता हिशेब केला तर स्वस्तच स्वस्त पडतो, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. पण त्या ९०० वाल्यात फिजिओथेरपीच्या दहा बैठका मिळवल्या की वही उलटी फिरते. मला मधला बरा पडला. त्याला आणखी एक कारण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या जोडावर जीएसटी ५ टक्के झाला आहे आणि त्यावर १८ टक्के. त्यामुळे या किमतीच्या आतला माल परवडतो.

फर्स्ट कॉपी म्हणून जो माल मिळतो तो मात्र घेऊ नये. वरून तंतोतंत नक्कल असते, पण फोम कापून पाहाल तर भरताडाचा. ज्या भागासाठी पैसे द्यायचे तोच भाग नकली.

बूट मेला आहे हे तळाच्या रबरावरून कळत नाही, फोमवरून कळते. बाजूला आडव्या सुरकुत्या पडल्या, टाच एका अंगाला कलली, किंवा बरे असलेले गुडघे पुन्हा बोलू लागले की जोड बदलावा. जुना जोड दुसऱ्या वजनदार माणसाला देऊ नये. खरेदीची तारीख सुखतळ्याखाली पेनाने लिहून ठेवण्याची सवय मी लावून घेतली आहे. दोन जोड असतील तर आलटून पालटून घालावे, घाम वाळायला वेळ मिळतो. धुवायचे तर हाताने. उन्हात किंवा हिटरपुढे तापवू नयेत, चिकटवलेला सोल सुटतो. नवीन बुटाच्या सोलला मोच्याकडून साईड शिलाई मारून घ्यायची आपल्याकडे पद्धत आहे. रबरी काठाच्या बुटाला ती चालते, पण फोमच्या सोलला दोरा हळूहळू कापत जातो, असे आमच्या नाक्यावरचा मोची स्वतःच सांगतो. त्याचा धंदा बुडत असूनही.

आपल्या सवयींतली एक गोष्ट बुटाला फार मारक आहे. मशिदीत दिवसातून पाच वेळा पादत्राण काढायचे, जमात उभी राहिलेली असते, नाडी कोण सोडणार? मग टाच मोडून बुटाची सपाता होते. एकदा ती कडक वाटी मोडली की आधार संपला. चालण्याचा बूट फक्त चालण्यासाठी ठेवावा आणि मशिदीसाठी वेगळी चप्पल. वुजूनंतर बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या केल्याशिवाय मोजा चढवू नये, ओलाव्याने तिथे बुरशी धरते. साखरवाल्याच्या पायाला ती महागात पडते. जाणीव गेलेल्या पायाने मे महिन्यात तापलेल्या फरशीवरून अनवाणी जाऊ नये, फोड आल्याचे रात्री कळते.

हज-उमऱ्याला जाणाऱ्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे. एका सईचेच सुमारे तीन किलोमीटर होतात, तवाफ वेगळा. एहरामात पुरुषांना असा बंद बूट चालत नाही, तेव्हा जाड, भक्कम तळाची सँडल दोन महिने आधी घेऊन घरीच चालून बघावी. मसला आलिमांना विचारावा आणि पाय डॉक्टरांना दाखवावा.

ज्यांच्या पायाला जखम झालेली आहे, बोटे वाकडी झाली आहेत किंवा मुंग्या येऊन जाणीव कमी झाली आहे, त्यांच्यासाठी हा सगळा लेख नाही. त्यांना दुकानातला स्पोर्ट बूट नको. डॉक्टर एका बारीक नायलॉनच्या धाग्याने तळव्याला ठिकठिकाणी टोचून जाणीव तपासतात, पाच मिनिटांचे काम आहे, ते दरवर्षी करून घ्यावे. अशा पायांसाठी आपल्याकडे एमसीआर म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराच्या चपला आणि जास्त खोलीचे बूट मिळतात. कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांच्यासारख्यांनी जे काम केले त्यातून ही रीत पुढे आली, आणि आज ती मधुमेहाच्या रुग्णांना उपयोगी पडते आहे. भाईजान आता तेच वापरतात. रोज पाय घालण्याआधी बुटात हात फिरवून खडा, खिळा आहे का बघतात, आणि झोपण्याआधी भाभी तळव्याखाली आरसा धरून त्यांना दाखवतात.

माझे वजन सध्या ९९ आहे. वजन एक किलो घटले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो असे हाडांचे डॉक्टर सांगतात. टाच बरी आहे. मागच्या आठवड्यात नवा जोड घेतला तेव्हा दुकानातल्या पोराने मऊ बूट पुढे केला. मी खिशातून पायाचा कागद काढला, तेव्हा तो हसला. पण मग स्वतःच आत जाऊन रुंद मापाचा शेवटचा एक जोड शोधून आणला. म्हणाला, "चाचा, हा कोणी घेतच नव्हते, दाखवलाच नाही कोणाला."